ज्वालारोधक द्रव्ये आणि आपली घरे

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात खर्डी येथे दिलेले व्याख्यान)



आजच्या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. अशा प्रसंगी शिक्षणप्रसार, लग्नखर्चास आळा, विद्यार्थ्यांस साहाय्य या विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. तथापि यंदा आम्ही निवडलेला विषय काहीसा अपरिचित आहे. आग लागू नये म्हणून गाद्यांत, विजेच्या उपकरणांत व कापडांत जी रासायनिक द्रव्ये घालतात, त्यांच्याविषयी आम्ही बोलणार आहो. त्यांस आपण ज्वालारोधक द्रव्ये म्हणू. आम्ही रसायनशास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिक होऊन जन्मभर मुलांस शिकविण्याचे काम केलेले शिक्षक आहो. तेव्हा जे आम्हांस वाचून समजले, तेच सोप्या रीतीने मांडू.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आगीचे भय खोटे नाही. शहापूर-मुरबाडच्या या मुलखात उन्हाळ्यात डोंगरावर वणवे लागतात आणि गवताच्या छपराला एक ठिणगी पुरे होते. आपल्या वाडवडिलांना याची पूर्ण जाणीव होती. कारवीच्या कुडाला आतून-बाहेरून शेणमातीचे लिंपण करीत, ते केवळ वारा अडविण्यासाठी नव्हे. सुकी कारवी चटकन पेट घेते. मातीखाली झाकलेली कारवी सहजी पेट घेत नाही. या अर्थाने शेणमाती हेच आपल्या घरातील पहिले ज्वालारोधक द्रव्य होय, आणि ते हातावर राहिले तरी कोणास अपाय होत नव्हता.

युरोपातही हा प्रश्न जुनाच आहे. ज्या गे-ल्युसॅकचा वायूंविषयीचा नियम आपण शाळेत शिकतो, त्यानेच १८२१ साली नाटकगृहांतील पडद्यांचे कापड पेटू नये म्हणून अमोनियाचे क्षार व टाकणखार यांचे प्रयोग करून दाखविले. पडद्याजवळ उघडे दिवे जळत आणि नाटकगृहे भस्म होत, त्यावर हा उपाय होता. म्हणजे हेतू लोकहिताचाच होता, हे ध्यानात ठेवावे.

मग बिघडले कोठे? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरातील वस्तूंचे द्रव्यच पालटले. कापसाच्या गादीच्या जागी फोमची गादी आली. लाकडी व धातूच्या पेट्यांच्या जागी प्लॅस्टिकचे दूरदर्शन संच, रेडिओ, संगणक आले. फोम आणि प्लॅस्टिक ही खनिज तेलाची अपत्ये आहेत. ती कापसाहून फार वेगाने जळतात, आणि त्यांच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड व सायनाइड यांसारखे प्राणघातक वायू असतात. अशा वस्तू घरोघरी विकावयाच्या तर त्या सहजी पेटू नयेत अशी काही योजना करणे भाग होते. ती योजना म्हणजे त्यांत ब्रोमीन, क्लोरीन किंवा फॉस्फरस यांची संयुगे मिसळणे.

यांचे कार्य कसे चालते, ते थोडक्यात सांगतो. ज्योत ही एक साखळी आहे. जळणाऱ्या वायूत हायड्रोजनाचे व हायड्रॉक्सिलचे अत्यंत चंचल कण निर्माण होतात आणि एक कण दुसऱ्यास पेटवीत जातो. ब्रोमिनयुक्त द्रव्य तापले म्हणजे ब्रोमीन मोकळे होते आणि त्या चंचल कणांस पकडून बसते. साखळी तुटते, ज्योत मंदावते. युक्ती नामी आहे, यात संशय नाही.

परंतु यातील पुष्कळशी द्रव्ये प्लॅस्टिकशी रासायनिक रीतीने जोडलेली नसतात. ती नुसती मिसळलेली असतात. कापडाला पक्का रंग आणि कच्चा रंग असे दोन प्रकार असतात, हे भगिनींस सांगावयास नको. कच्चा रंग प्रत्येक धुण्यास सुटतो. तद्वत ही मिसळलेली द्रव्ये वर्षानुवर्षे वस्तूतून हळूहळू बाहेर पडतात आणि घरातील धुळीत जाऊन बसतात. जुन्या फोमचा भुगा होऊ लागला म्हणजे तर ती अधिकच पसरतात. धूळ जमिनीवर असते, आणि जमिनीवर रांगते कोण? आपले मूल. ते हात जमिनीस लावते आणि तोच हात तोंडात घालते. म्हणूनच मोठ्या माणसाच्या मानाने लहान मुलाच्या शरीरात ही द्रव्ये अधिक प्रमाणात जातात, असे अनेक देशांत आढळून आले आहे.

दुसरा मार्ग अन्नाचा. या द्रव्यांतील पॉलिब्रोमिनेटेड डायफेनिल ईथर, ज्यास पीबीडीई म्हणतात, त्या वर्गातील द्रव्ये पाण्यात फारशी विरघळत नाहीत. चरबीत मात्र मुरतात. ती लवकर नाश पावत नाहीत. नदी-समुद्राच्या गाळातून ती लहान जीवांत, तेथून लहान मासळीत आणि तेथून मोठ्या मासळीत जातात आणि प्रत्येक पायरीस वाढत जातात. मासळी, मांस, अंडी, दूध अशा स्निग्धांश असलेल्या पदार्थांतून ती माणसाच्या शरीरात येतात.

अन्नात असे द्रव्य एकदम शिरले तर काय होते, याचा एक भयंकर दाखला अमेरिकेतील मिशिगन राज्यात घडला. १९७३ साली तेथील एका रासायनिक कारखान्यातून गुरांच्या खाद्यात घालावयाच्या मॅग्नेशियम ऑक्साइडऐवजी ज्वालारोधक पीबीबीची पोती चुकून खाद्याच्या गिरणीकडे गेली. दोन्ही मालांची नावे एकमेकांशी मिळतीजुळती होती. गाई दूध देईनाशा झाल्या, अशक्त झाल्या, मरू लागल्या. कारण उमगण्यास १९७४ साल उजाडले. तोपर्यंत ते दूध, मांस व अंडी राज्यभर खपली होती. सुमारे ३० हजार गुरे आणि सुमारे १५ लक्ष कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. त्या काळात गर्भात असलेल्या वा अंगावर पिणाऱ्या मुलींची पुढे पाहणी झाली, तेव्हा ज्यांच्या शरीरात हे द्रव्य अधिक गेले होते त्यांना रजोदर्शन लवकर आल्याचे आढळले. एका पोत्यावरील नावाच्या गोंधळाचे परिणाम पुढच्या पिढीपर्यंत पोहोचले.

त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट उघडकीस आली. अमेरिकेत मुलांच्या रात्रीच्या कपड्यांना ट्रिस नावाचे ब्रोमिनयुक्त द्रव्य लावीत. ते आनुवंशिक द्रव्यात बदल घडविते, असे १९७७ साली आर्लीन ब्लम आणि ब्रूस एम्स या शास्त्रज्ञांनी लिहिले. त्याच वर्षी तेथील सरकारने अशा कपड्यांवर बंदी घातली. मूल भाजू नये म्हणून त्याच्या अंगास जे लावले, तेच त्याला दुसऱ्या रीतीने घातक ठरण्याचा संभव होता.

शरीरात जाऊन ही द्रव्ये करतात काय, असा प्रश्न कोणीही विचारील. आपल्या गळ्यातील थायरॉइड ग्रंथी आयोडीनपासून एक रस तयार करते. आयोडीन कमी पडले तर गलगंड होतो आणि गर्भातील बालकाच्या मेंदूची वाढ खुंटते. म्हणूनच आपण आयोडीनयुक्त मीठ खातो. आता मूलद्रव्यांच्या कोष्टकात ब्रोमीन हे आयोडिनच्या बरोबर वरच्या घरात बसते. ती सख्खी भावंडे आहेत. पीबीडीईची घडण या ग्रंथीच्या रसाशी बरीचशी जुळते, त्यामुळे शरीराच्या कारभारात ती द्रव्ये गोंधळ घालतात. गर्भारपणी मातेच्या शरीरात ही द्रव्ये अधिक असली तर मुलाच्या बुद्धिमापनाचे गुण काहीसे कमी असतात, असा संबंध २०१० साली न्यूयॉर्कमधील आणि २०१३ साली कॅलिफोर्नियातील शेतमजूर कुटुंबांच्या पाहणीत दिसून आला. एका मुलाकडे पाहून अशी गोष्ट कळणार नाही. परंतु साऱ्या वर्गाची सरासरी दोन-चार गुणांनी खाली आली म्हणजे काय होते, हे शिक्षकास पुरते ठाऊक असते. काठावर पास होणारी मुले काठाखाली जातात.

येथे मातांना एक गोष्ट निक्षून सांगणे आवश्यक आहे. स्वीडनमध्ये १९७२ ते १९९७ या काळात साठविलेल्या मातेच्या दुधाच्या नमुन्यांची तपासणी झाली, तेव्हा त्यातील पीबीडीईचे प्रमाण सुमारे दर पाच वर्षांनी दुप्पट होत गेल्याचे दिसले. हे ऐकून कोणी मातेने अंगावर पाजणे सोडू नये. मातेच्या दुधाचे गुण या धोक्याहून किती तरी मोठे आहेत, असेच सर्व वैद्यकीय संस्था सांगतात. त्या पाहणीचा खरा बोध निराळा आहे. या द्रव्यांचा वापर आवरता घेतल्यावर स्वीडनमधील मातांच्या दुधातील प्रमाण पुन्हा उतरू लागले. म्हणजे माणसाने ठरविले तर ही गोष्ट सुधारते.

आणि या द्रव्यांनी आग खरोखर थांबली काय? कॅलिफोर्निया राज्याने १९७५ पासून असा नियम केला होता की, खुर्च्या-कोचांतील फोमने उघड्या ज्योतीस काही सेकंद दाद देता कामा नये. तो नियम पाळण्यासाठी अमेरिकेतील घराघरांत ही द्रव्ये शिरली. पण प्रत्यक्षात आग फोमपासून सुरू होतच नाही. ती वरच्या कापडापासून सुरू होते, आणि बहुधा धुमसत्या सिगारेटीने होते. कापड पेटून ज्वाळा मोठी झाली म्हणजे आतील द्रव्य तिला फारसे आवरू शकत नाही. अखेर २०१३ साली तो नियम बदलला आणि धुमसत्या निखाऱ्यास कापड तोंड देते की नाही, ही कसोटी ठरली. ही कसोटी अशी द्रव्ये न घालताही उतरता येते. अडतीस वर्षे लोटल्यावर हे शहाणपण आले. आपल्याकडे सिगारेटीच्या जागी विडी म्हणावी, एवढाच फरक.

आता आपल्या देशाकडे वळू. घरगुती कोचांना असा नियम आपल्याकडे नव्हता, हे एका परीने आपले सुदैव. आपल्या घरांत ही द्रव्ये येतात ती मुख्यत्वे विजेच्या व इलेक्ट्रॉनिक वस्तूंतून, मोटारींच्या आसनांतून आणि जुने प्लॅस्टिक वितळवून केलेल्या नव्या वस्तूंतून. चिरकाल टिकणाऱ्या घातक द्रव्यांविषयीचा स्टॉकहोम करार २००१ साली झाला आणि २००६ च्या जानेवारीत भारताने त्यास मान्यता दिली. २००९ साली पेंटा व ऑक्टा या जातींची पीबीडीई, २०१३ साली थर्माकोलच्या उष्णतारोधक तक्त्यांत वापरले जाणारे हेक्साब्रोमोसायक्लोडोडेकेन आणि २०१७ साली डेका ही द्रव्ये त्या कराराच्या यादीत आली. आपल्या सरकारने २०१८ साली सात घातक द्रव्यांस मनाई करणारे नियम केले, त्यांत पेंटा, ऑक्टा व हेक्साब्रोमोसायक्लोडोडेकेन यांचा समावेश आहे. आणि २०२० च्या ऑक्टोबरात मंत्रिमंडळाने त्या सात द्रव्यांविषयी करारास संमती दिली. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या घटकांत पीबीबी व पीबीडीई वजनाने शेकडा ०.१ हून अधिक असू नयेत, असाही आपल्याकडे नियम आहे.

मग चिंता कसली, असे कोणी म्हणेल. कायदा नव्या मालास लागतो. जुना माल घरात असतोच. जुना दूरदर्शन संच भंगारवाल्याकडे जातो, तेथून भिवंडी, कुर्ला, साकीनाका, धारावी अशा ठिकाणी फुटतो. त्याचे काळे प्लॅस्टिक वितळवून त्यातून पुन्हा काय तयार होईल, यावर कोणाची नजर असते? २०१७ साली पर्यावरणसंस्थांनी भारतासह अनेक देशांतून मुलांच्या हातातील रंगीत कोड्याचे ठोकळे विकत घेऊन तपासले, तेव्हा त्यांपैकी पुष्कळांत हीच ज्वालारोधक द्रव्ये सापडली. खेळण्यास ज्वालारोधकाची गरज नसते. ते तेथे आले ते जुन्या संचांच्या कवचातून.

येथे अतिशयोक्तीपासूनही सावध राहिले पाहिजे. २०२४ साली अमेरिकेत काळ्या प्लॅस्टिकच्या स्वयंपाकी उपकरणांविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यात म्हटले होते की, अशा उलथन्याने रोज स्वयंपाक केला तर डेका हे द्रव्य सुरक्षित मर्यादेच्या जवळ जाईल इतके पोटात जाते. वृत्तपत्रांनी एकच गहजब केला. पुढे कोणी गुणाकार तपासला. एका किलो वजनास ७,००० नॅनोग्रॅम ही मर्यादा धरली, तर ६० किलोच्या माणसास ४,२०,००० होतात. निबंधात ४२,००० छापले होते. एक शून्य गळले होते! म्हणजे रोज पोटात जाणारे ३४,७०० हे प्रमाण मर्यादेच्या जवळ नसून तिच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी ठरले. लेखकांनी दुरुस्ती प्रसिद्ध केली. चौथीच्या मुलास आम्ही ताळा करावयास लावतो, तो याचसाठी. मात्र ताळा करूनही एक प्रश्न उरतोच: भाजी परतण्याच्या उलथन्यात दूरदर्शन संचाचे द्रव्य असावेच कशाला?

बंधुभगिनींनो, आपल्या तालुक्यापुरता खरा धोका आम्हांस निराळ्याच ठिकाणी दिसतो, आणि त्याविषयी बोलण्यासाठीच आम्ही उभे आहो. पावसाळ्यात जळाऊ लाकूड ओले असते, तेव्हा चूल वा बंब पेटविण्यासाठी प्लॅस्टिकचे तुकडे, फोमचे तुकडे, जुन्या संचाचे कवच घालण्याची सवय वाढली आहे. तसेच भंगाराच्या धंद्यात गेलेले काही तरुण वायरींचे वेटोळे पेटवून तांबे काढतात. हा धंदा कष्टाचा आहे आणि त्यावर कुटुंबे चालतात, म्हणून त्यास आम्ही नावे ठेवीत नाही. पण क्लोरीन व ब्रोमीन असलेले प्लॅस्टिक उघड्यावर जळते तेव्हा डायॉक्सिन व फ्युरान या जातीची अतिविषारी द्रव्ये तयार होतात. चार पैशांच्या तांब्यासाठी तो धूर प्रथम त्या तरुणाच्या छातीत जातो, मग त्याच्या कपड्यांवरून घरच्या मुलांपर्यंत पोहोचतो, आणि राख शेतात व ओढ्यात जाते. तानसा, मोडकसागर, भातसा हे जलाशय आपल्याच परिसरात आहेत आणि त्यांवर मुंबईची तहान भागते. या पाणलोटाचे आपण राखणदार आहोत, ही जाणीव आपल्यास असावी.

याउलट आगीच्या बाबतीत बेफिकीर व्हावे, असाही आमचा मुळीच उद्देश नाही. ८ जानेवारी २०१४ च्या पहाटे डहाणूजवळ वांद्रे-डेहराडून एक्सप्रेसच्या डब्यांस आग लागून नऊ प्रवासी प्राणास मुकले. धावत्या गाडीत झोपलेल्या माणसाला पळावयास जागा नसते. तेथे आसने व पडदे अग्निरोधक असलेच पाहिजेत. जेथे गरज आहे तेथे असावे. खेळण्यात, उलथन्यात, बाळाच्या गादीत नसावे. विवेक तो एवढाच.

तेव्हा ज्ञातिबांधवांपुढे काही सूचना ठेवतो.

पहिली: घरातील केर कोरडा झाडून उडवू नये, जमीन ओल्या फडक्याने पुसावी. जेवणापूर्वी, विशेषतः मुलांचे, हात साबणाने धुवावेत. याला खर्च नाही, आणि इतर रोगांसही आळा बसतो.

दुसरी: भुगा होऊ लागलेली फोमची गादी वा उशी मुलांस देऊ नये. शक्य तेथे कापसाची गादी वापरावी आणि ती दर दोन-तीन वर्षांनी पिंजून घ्यावी. कापूसही पेटतो, म्हणून अंथरुणात विडी ओढणे आणि उशाशी उदबत्ती वा दिवा ठेवणे बंद करावे.

तिसरी: स्वयंपाकात लोखंडी वा लाकडी उलथने, पळी, डाव वापरावेत. ते आपल्या घरी आहेतच. फक्त माळ्यावरून खाली काढावयाचे.

चौथी: प्लॅस्टिक, फोम, थर्माकोल, वायर यांपैकी काहीही चुलीत, बंबात वा शेकोटीत घालू नये. पावसाळ्यापूर्वी सुक्या काटक्यांची एक मोळी केवळ पेटवणासाठी निराळी बांधून ठेवावी.

पाचवी: नादुरुस्त संच, मोबाइल, बॅटऱ्या भंगारात फुटकळ न विकता, आपल्या संस्थेने वर्षातून एकदा एकत्र जमवून सरकारमान्य पुनर्वापर केंद्राकडे पाठवाव्यात. वायर सोलून तांबे काढण्याचे हातयंत्र बाजारात मिळते. ते संस्थेने घेऊन भंगाराच्या धंद्यातील तरुणांस वापरण्यास द्यावे. न जळालेल्या तांब्यास भावही बरा येतो.

सहावी आणि शेवटची: विद्यार्थी वसतिगृहासाठी फोमच्या गाद्या स्वस्तात घेण्याचा विचार सध्या मंडळापुढे आहे, असे समजते. आमची नम्र विनंती अशी की, त्या न घेता कापसाच्या गाद्या घ्याव्यात. दरांत फरक पडेल, याची आम्हांस कल्पना आहे. त्या फरकासाठी आम्ही आपल्या निवृत्तिवेतनातून यथाशक्ति वर्गणी देऊ, आणि इतरांनीही द्यावी. त्याबरोबरच वसतिगृहातील जुनी वायरिंग तपासून घ्यावी, प्रत्येक मजल्यावर वाळूच्या बादल्या ठेवाव्यात, आणि बाहेर पडण्याचा दुसरा दरवाजा सामानाने अडवू नये. आग रोखण्याचा हा मार्ग कोणत्याही द्रव्याहून खात्रीचा आहे.

आपली मुले शिकावीत म्हणून आपण पोटास चिमटा घेऊन शिष्यवृत्त्या देतो. त्या मुलांची बुद्धी व प्रकृती निकोप राहील याची तजवीज करणे हाही शिक्षणप्रसाराचाच भाग आहे. येणाऱ्या सर्वसाधारण सभेत वरील सूचनांचा ठराव मांडला जावा आणि तो एकमताने संमत व्हावा, अशी इच्छा प्रकट करतो.